मिठासमोर तीन वाट्या

हे बघ, पाककृतींची साइट ड्रुपलमध्ये करायला घेतलीयस, तर जिन्नस, प्रमाण, एकक अशी तीन सुटी फील्ड्स करू नकोस. मी केली होती. उपम्याच्या साहित्यात संपादक बाईंनी साखरेसमोरचं प्रमाण आणि एकक पुसलं, म्हणे चवीनुसार. सेव्ह करताच खालचे आकडे एकेक घर वर सरकले. पाण्याच्या तीन वाट्या मिठासमोर!

तिन्ही गोष्टी एका ओळीत बांधणारं एकच फील्ड बनव, आपल्याच मोड्यूलमध्ये. काय साठवायचं ते फील्ड टाइप सांगतो, भरायचा फॉर्म विजेट देतो, वाचकाला दाखवणं फॉर्मॅटरचं काम. 2015 साली आठवी आवृत्ती आल्यापासून हे तीन प्लगिन क्लास असतात. ते नेमून दिलेल्या फोल्डरात नसले तर फील्ड यादीत दिसतच नाही, आणि एररही येत नाही. माझी एक अख्खी दुपार त्यात गेलीय.

खरी मेख फील्ड टाइपच्या 'इज-एम्प्टी'त आहे, म्हणजे ओळ रिकामी आहे का ते ठरवणाऱ्या मेथडमध्ये. कितीही ओळी भरता येणाऱ्या फील्डखाली ड्रुपल एक कोरी ओळ ठेवतं. एककाच्या ड्रॉपडाउनमध्ये 'वाटी' आधीच निवडलेली असेल आणि तू एककही तपासत असशील, तर ती ओळ कधी रिकामी ठरतच नाही. दर सेव्हला एक बेवारस वाटी वाढते. म्हणून फक्त जिन्नसाचं नाव बघ. ते नाही तर ओळ नाही. प्रमाण तपासू नकोस. नाहीतर 'चवीनुसार'वाल्या ओळी उडतील.

कॉलम मात्र कोड लिहिण्याआधी कागदावर ठरव. एकदा मजकूर भरला की स्कीमा बदलणं म्हणजे अपडेट हुक लिहून चालू मजकुराचं आणि जुन्या आवृत्त्यांचं, अशी दोन्ही टेबलं हलवणं. प्रमाण दशांशात साठव, म्हणजे चौघांचा उपमा आठांसाठी करताना नुसता गुणाकार पुरतो.

पॅरेग्राफ्स मोड्यूल वापरू का, असं विचारशील. ओळीत फोटो, टिपा वगैरे वाढत जाणार असतील तर जरूर वापर. पण तिथे प्रत्येक ओळ ही स्वतंत्र एंटिटी होते. तीन कॉलमांसाठी एवढा संसार कशाला?

आणि फॉर्मॅटरमध्ये 0.25 चं 'पाव', 1.5 चं 'दीड' करून दाखव. '1.5 वाटी रवा' असं आपल्याकडे कोण बोलतं?