मशीन उलटताना उडी मारू नका

"बेल्ट बांधला तर उडी कशी मारणार, साहेब?" दिल्लीच्या आसपासच्या साइटवर ऑपरेटरला सीट बेल्टबद्दल विचारलं की हमखास हेच उत्तर येतं. नूहचा माणूस असो, बिहारचा असो, नाहीतर आपल्याकडून मशीनसोबत आलेला सोलापूरचा पोरगा असो. सुरक्षा अधिकारी म्हणून मी या भागात बरीच वर्षं काम करतो आहे. त्या उत्तरातली उडी कुठे नेते हे मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो.

गुरुग्राम जिल्ह्यात एका उड्डाणपुलाच्या जोडरस्त्याचा भराव चालू होता. पावसाने थोडी उघडीप दिलेली, रात्रपाळी. भराव दोन पुरुष उंच झाला होता आणि अकरा टनांचा रोलर कडेकडेने माती दाबत चालला होता. वरून कोरडी वाटणारी कड आतून भिजलेली होती. पुढचा ड्रम तिच्यावर आला, माती बसली आणि रोलर आडवा झाला. चालवणारे मुरलेले ऑपरेटर होते, हाताखालची पोरं त्यांना उस्ताद म्हणत. मशीन कलतंय हे कळताच त्यांनी उडी मारली, उताराच्या बाजूला. आम्ही बॅटऱ्या घेऊन खाली पोचलो तेव्हा छताचा खांब त्यांच्या छातीवर होता. सीट जशीच्या तशी होती. तिच्या भोवतीची जागा मोकळी होती, काही चेपलं नव्हतं, वाकलं नव्हतं. बेल्ट सीटच्या पाठीमागे खोचून ठेवलेला होता.

ते जागेवर बसून राहिले असते तर फार तर हात मोडला असता. हा विचार मला आजही सोडत नाही.

यात चपळाईचा प्रश्नच नसतो. मशीन ज्या बाजूला कलतं त्याच बाजूला चालकाचं शरीर घसरतं, त्यामुळे उडीही तिकडेच पडते. वरच्या बाजूला चढून बाहेर पडायला ना वेळ असतो, ना पायाला आधार. माणूस जमिनीवर पडून उठायच्या आत मशीन त्याच्यावर येतं. म्हणून बेल्ट आधीपासून बांधलेला हवा. मशीन कलू लागलं की स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय फळीवर रेटायचे, अंग कलण्याच्या उलट बाजूला झुकवायचं, हात-डोकं चौकटीच्या आत ठेवायचं आणि मशीन पूर्ण थांबेपर्यंत बेल्ट सोडायचा नाही. पुढे नोएडात एका तळघराच्या खोदाईत जेसीबी रॅम्पवरून घसरून कुशीवर पडला. ऑपरेटर पंचविशीचा, बेल्ट बांधलेला. गळपट्टीचं हाड मोडलं, पण तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

बेल्टला अर्थ येतो तो चौकटीमुळे. मशीन उलटल्यावर चालकाभोवतीची जागा शाबूत ठेवणाऱ्या पोलादी चौकटीला साइटवर रॉप्स म्हणतात. तिची चाचणी आयएसओ ३४७१ या मानकानुसार होते आणि खांबावरच्या पट्टीवर मानकाचा क्रमांक आणि मशीनचं कमाल वजन कोरलेलं असतं. ती पट्टी शोधा. पट्टी नसेल तर डोक्यावर दिसतं ते फक्त उन्हापावसाचं छत समजा. पंखा किंवा दिवा लावायला लोक या चौकटीला भोकं पाडतात, वेल्डिंग मारतात. त्याने तिची ताकद जाते. वाकून धक्का सोसणं हेच तिचं काम असल्यामुळे एकदा उलटलेल्या मशीनची चौकट ठोकून सरळ करणं म्हणजे पुढच्या ऑपरेटरला फसवणं. ती बदलावीच लागते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले.

आणि चौकटच नसेल तर? तर बेल्ट माणसाला मशीनखाली अडकवून ठेवतो. अशा मशीनला उतारावर किंवा कडेला कामच देऊ नये. इथे मी कुणाशीही तडजोड करत नाही.

मशीन उलटायची तयारी मात्र जमिनीत आधीच झालेली असते. एनसीआरची जमीन एकसारखी नाही. यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरपट्ट्यात, गाळ आणि वाळू, फरिदाबाद-गुरुग्रामकडे अरवलीचा खडक, आणि अनेक ठिकाणी जुन्या बांधकामांचा राडारोडा टाकून बुजवलेले खड्डे. वरून सगळं सपाट दिसतं. म्हणून पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरने कड स्वतः चालून पाहावी, भेगा दिसतात का बघावं आणि रोलर कुठपर्यंत न्यायचा ती हद्द झेंड्या लावून दाखवावी. रात्री त्या झेंड्यांवर उजेड हवा. भराव कडेला थोडा जादा रुंद टाकून मग छाटला, तर रोलरला टोकावर जावंच लागत नाही. हे रस्त्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण जादा मातीचे पैसे वाचवायचे असतात. उतारावर रोलर सरळ चढवायचा, सरळ उतरवायचा, आडवा न्यायचा नाही, आणि उतरताना न्यूट्रल करायचं नाही.

पोकलेन खड्ड्याच्या काठावर उभा करायचा तर पट्टे काठाशी काटकोनात ठेवा, म्हणजे माती सुटू लागली की सरळ मागे येता येतं. डंपर बहुधा माल ओतताना उलटतो. ओली चिकट माती हौद्यात एका बाजूला धरून राहते, हौदा वर गेलेला असतो आणि मागचं एक चाक मऊ जागेत असतं. माल अडकला तर हौदा खाली घ्या. झटके देऊन माल पाडायची सवय माणसं मारते. हायड्रा क्रेन मधोमध दुमडून वळते, त्यामुळे सरळ असताना पेलणारं वजन वळल्यावर पेलवत नाही. केबिनमधला भारतक्ता वाचता न येणाऱ्याच्या हातात हायड्रा देऊ नका.

मशीन उलटलं की पहिली धाव ते उचलण्याकडे असते. तिथे थांबा. १२ जुलै २००९ रोजी दक्षिण दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचा बांधकामातला पूल कोसळला, कामगारांचे जीव गेले आणि दिल्ली मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी कोसळलेला गर्डर उचलायला आणलेल्या क्रेनही कलंडल्या आणि आणखी माणसं जखमी झाली. देशाने ते टीव्हीवर पाहिलं. उलटलेल्या रोलरला जवळच्या हायड्राने दोर लावून ओढणं हा त्याचाच छोटा प्रकार आहे. आधी इंजिन बंद करा, बॅटरी तोडा, गळणारं डिझेल बघा, मशीन आणखी घसरू नये म्हणून लाकडी ठोकळे लावा आणि ११२ला फोन करा. गाझियाबादला एनडीआरएफची आठवी बटालियन आहे. तिच्यासारखं प्रशिक्षित पथक मिळालं तर ऑपरेटरला काढण्याचं काम त्यांच्याकडे द्या.

या भागातला एक काळ मला सर्वात धोक्याचा वाटतो. हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅप या प्रदूषण रोखण्याच्या टप्प्याटप्प्याच्या आराखड्याखाली बांधकाम थांबतं. बंदी उठली की बुडालेले दिवस भरून काढायची घाई होते. मशीन उभी राहून टायरमधली हवा कमी झालेली असते, ब्रेक तपासलेले नसतात, जुना ऑपरेटर गावी गेलेला असतो आणि धुक्यात भरावाची कड दिसत नाही. बंदी उठल्यावर पहिली पाळी तपासणीची ठेवा. मशीन तासावर भाड्याने आलं असेल, तरी त्या पाळीचे पैसे द्या. तपासणीचे तास मालकाच्या माथी मारले तर तो ती करणार नाही.

रस्ते वाहतूक मंत्रालयाने बांधकाम यंत्रांसाठी सुरक्षेचे नियम एप्रिल २०२१ आणि एप्रिल २०२४ अशा दोन टप्प्यांत लागू केले. पण त्याआधी विकलेली मशीन भाड्याच्या बाजारात अजून फिरतात, ऑपरेटरसकट. मशीन एकाचं, माणूस दुसऱ्याचा, काम तिसऱ्याचं. अपघात झाला की तिघंही हात झटकतात. म्हणून मशीन बोलावण्याच्या कागदावरच लिहून घ्या: रॉप्सची पट्टी, चालू स्थितीतला बेल्ट, ऑपरेटरचं लायसन्स आणि बांधकाम कामगार म्हणून त्याचं नोंदणी कार्ड. नोंदणी नसेल तर फाटकावरच अर्ज भरून घ्या, आणि त्यात वारसाच्या नावाचा रकाना रिकामा राहू देऊ नका.