लेसर किरण आणि गुडघ्यातील कूर्चा

आपल्या नाकाचे टोक बोटाने दाबून पाहा. ते लवते आणि सोडताच पूर्ववत होते. हाडाहून मऊ, पण चिवट अशा या पदार्थाला कूर्चा म्हणतात. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर निसर्गाने जे गुळगुळीत अस्तर चढविले आहे, तेही कूर्चेचेच; त्याची जाडी सुमारे 2 ते 4 मिलिमीटर. ते झिजले की घरातील वडीलधाऱ्यांना जिना चढणे जड जाते. मंद लेसर किरणांनी ही झीज भरून येते, असे आश्वासन हल्ली पुष्कळदा ऐकू येते. त्यात तथ्य किती, याचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

बोट कापले तर जखम भरते, कारण दुरुस्तीचे साहित्य रक्त वाहून आणते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. चालताना ती स्पंजाप्रमाणे दबते व फुलते, आणि सांध्यातील द्रवातून तिच्या विरळ पेशींना पोषण मिळते. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1743 सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील निबंधात नमूद केले होते. तो पेच अद्याप पुरता सुटलेला नाही.

लेसरचा जन्म 1960 चा. थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीपासून तो प्रथम निर्माण केला. पुढे 1967 च्या सुमारास बुडापेस्टचे डॉक्टर एन्द्रे मेश्टर उंदरांवर त्याचे प्रयोग करीत होते. गंमत अशी की, प्रकाश पडलेल्या उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवले! मंद लेसरोपचाराची ही सुरुवात. तांबडा व अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिकांत शोषला जाऊन ऊर्जानिर्मितीस चालना देत असावा, असे अनेक संशोधक मानतात.

परंतु त्वचेला रक्ताचा मुबलक पुरवठा असतो. कूर्चेला तो नाही. शिवाय तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बहुतेक प्रकाश वाटेत विखुरतो व शोषला जातो. ससे व उंदीर यांच्यावरील काही प्रयोगांत कूर्चेची स्थिती सुधारल्याचे आढळले आहे; पण सशाचा गुडघा केवढा आणि माणसाचा केवढा!

माणसांवरील 22 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 साली प्रसिद्ध झाला. योग्य मात्रेत लेसर दिल्यास गुडघ्याची वेदना कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. रात्र रात्र तळमळणाऱ्या माणसाला हा लाभ थोडा नव्हे. मात्र कूर्चेला मज्जातंतूच नाहीत, हे वर आलेच आहे; दुखते ते सभोवतालचे आवरण आणि खालचे हाड. तेव्हा दुखणे कमी झाले एवढ्यावरून कूर्चा भरून आली, असे अनुमान काढता येत नाही. जाहिराती नेमकी हीच गल्लत करतात, असे आमचे मत आहे.

वेदनेच्या बाबतीतही एकमत नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या वैद्यकीय मार्गदर्शन संस्थेने 2022 साली सांधेझिजेच्या रोग्यांना लेसरोपचार देऊ नये, त्यासाठी पुरावा अपुरा आहे, असे सांगितले. आणि प्रत्येक रोग्याला त्याच्या प्रकृतीस मानवेल असा व्यायाम सुचवावा, अशी शिफारस केली.