श्वास मोजताना

केतकी,

पेशंटला पुढे पाठवलं तर वरचे डॉक्टर ‘उगाच रेफर केलंत’ म्हणून खेकसतात, नाही पाठवलं तर रात्रभर डोळा लागत नाही. मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तुझा हा फोन येणार, हे मला ठाऊक होतं.

ओपीडीच्या टेबलाच्या काचेखाली ‘न्यूज’चा, म्हणजे पेशंट बिघडतोय का हे वेळीच हेरणाऱ्या गुणांचा, तक्ता ठेव. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ साली आणला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, तो बाहेरून लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, अशा सात गोष्टींचे गुण मांडून बेरीज करायची. पाचाला सावध व्हायचं, सातला गाडी बोलवायची. एकाच गोष्टीत तीन आले, तरी पेशंटला घरी धाडायची घाई नको. तक्ता मुळात वॉर्डासाठी बेतलेला, पण आपल्यालाही उपयोगी पडतो.

आता खरी गोम सांगतो. तुझ्या केंद्रातलं रजिस्टर उघडून श्वासाचा रकाना बघ. सगळ्यांचे १८, नाहीतर २०! म्हातारा असो की दमेकरी, सगळे एका तालात श्वास घेतात. हा रकाना कोणीच मोजून भरत नाही. मीही भरत नव्हतो. ऊसतोडीची एक बाई तापाने आली होती. चालत आली, बोलली, बीपी बरं होतं. गोळ्या देऊन घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी परत आणली तेव्हा ओठ निळे पडले होते. तिच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘श्वास १८’ होतं.

हिशेब करून बघ. श्वास २६, ऑक्सिजन ९४, नाडी ११६, बीपी १०४, ताप १०१. गुण तीन, एक, दोन, एक, एक, बेरीज आठ. श्वासापुढे १८ खरडलेस की त्याच पेशंटचे पाच होतात आणि गाडी राहते.

श्वास मोजायचे तर पूर्ण मिनिटभर, आणि पेशंटला न सांगता. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखं कर आणि पदराची हालचाल बघ.

१०८ला किंवा वरच्या डॉक्टरांना फोन करताना ‘पेशंट सिरियस आहे’ म्हणू नकोस. ते दिवसभर तेच ऐकतात. ‘दहा वाजता पाच होते, साडेदहाला आठ’ असं सांग. चिठ्ठीवरही वेळेसकट लिही. चढता आकडा ऐकला की खेकसणं आपोआप कमी होतं.

मात्र कमी बेरीज म्हणजे पेशंटला ठेवून घ्यायचा परवाना समजू नकोस. मण्यार चावलेला माणूस पहाटे नुसतं पोट दुखतंय म्हणून येतो, दंशाची खूणही सापडत नाही. बेरीज शून्य, पण पापण्या जडावू लागलेल्या असतात. हार्ट अटॅकातही आकडे कधीकधी सरळ येतात. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी धावतच नाही. सोळा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना हा तक्ता लावायचाच नाही. आणि आशाताई ‘मॅडम, ही नेहमीसारखी दिसत नाही’ म्हणाली, तर बेरीज बाजूला ठेवून पुन्हा तपास.

सोबत सेकंदकाट्याचं घड्याळ पाठवतोय. मोबाईलवर मोजू नकोस. पेशंटला वाटतं, डॉक्टरीणबाई व्हॉट्सअॅप बघतायत.

तुझा,
अण्णाकाका