सहलीचे जेवण

सुगी आटपली की चार ठिकाणी जाऊन यावेसे वाटते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जागांना तोटा नाही. कोणी शिंगणापूरला जातो. कोणी मोहट्याला जातो. पावसाळ्यात भंडारदऱ्याला गाड्यांची रीघ लागते. शिरडीला तर बारा महिने गर्दी असते. आता शिरडीत देवदर्शनाबरोबर मुलांसाठी खेळाच्या मोठ्या बागाही झाल्या आहेत. साईतीर्थ नावाच्या बागेत लंकादहनाचा खेळ पडद्यावर दाखवतात. यंत्राचे हलते-बोलते पुतळेही तिथे आहेत. पाण्यात खेळायची बागही शिरडीत आहे. मुले एकदा हे ऐकतात, मग घरात बसू देत नाहीत.

निघायचे ठरले की गाडी ठरते, तिकिटाचे पैसे बाजूला पडतात, कपडे धुऊन होतात. जेवणाचे कोणी विचारले तर उत्तर तयार असते, ‘तिथं मिळंल की काहीतरी!’

मिळते, हे खरे. पण घरात कोणाला पथ्य असेल तर ‘काहीतरी’ चालत नाही.

समजा, नेवासे तालुक्यातले एक घर आहे. घरात आजोबा आहेत. त्यांना साखरेचा आजार आहे, म्हणजे मधुमेह. ते सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घेतात. आजी आहेत. त्यांचा गुरुवारचा उपवास असतो. आठ वर्षांची नात आहे. तिला गहू सोसत नाही. बाकीच्यांना पथ्य नाही, त्यांचे आपण सोडून देऊ. ही मंडळी एका गुरुवारी जीप करून शिरडीला निघणार आहेत. सकाळी दर्शन, दुपारी जेवण, मग मुलांची बाग, अंधार पडता परत. या तिघांनी खायचे काय, आणि केव्हा?

आधी नातीचे पाहू, कारण तिचे पथ्य लोकांना सर्वांत कमी समजते.

गव्हात एक चिकट भाग असतो. त्याला ग्लूटेन म्हणतात. कणीक मळली की जी ओढ येते, ती त्यामुळेच. काही माणसांच्या आतड्याला हा भाग सोसत नाही. आतड्याची आतली बाजू सोलवटते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. पोर वाळते, पोट फुगते, जुलाब होतात, रक्त कमी पडते. या आजाराला सीलिॲक म्हणतात. हा उपास-तापासाने जात नाही, गोळीनेही जात नाही. जन्मभर गहू आणि जव सोडणे, एवढाच त्यावर इलाज. सोडला की पोर पुन्हा अंग धरते. (कोणाला अशी शंका असेल तर आधी डॉक्टरकडे जावे. रक्त तपासून होण्याआधीच गहू बंद करू नये. नाहीतर तपासणीत आजार सापडत नाही.)

आता लोक काय म्हणतात? ‘एक घास खाल्ल्यानं काय व्हतंय?’ होते. या आजारात चिमूटभरही चालत नाही. एखाद्याला मिरची तिखट लागते, तसले हे नव्हे. म्हणून सूनबाई सासूबाईंना सांगते,

“आत्याबाई, गाडीत बसल्यावर पोरीला बिस्किट देऊ नका बरं का.”

“अगं, मी कशाला देईन? पण लोकं देत्यात ना. रांगंत कुणीतरी हातावर ठेवतंच.”

आत्याबाईंचे बरोबर आहे. आपल्याकडे पोराच्या हातावर खाऊ ठेवणे ही माया आहे. म्हणून नातीलाच शिकवून ठेवावे. हात जोडून तिने म्हणावे, ‘मला गहू चालत नाही.’ आठ वर्षांच्या पोरीला हे नीट जमते.

गहू कुठे कुठे लपतो, ते पाहा. चपाती, पाव, खारी, टोस्ट, शेवया, रवा, मैदा हे आपल्याला ठाऊक आहे. पण कुरडई गव्हाचीच असते. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटातही गहू घालतात. सर्वांत फसवा तो हिंग. डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. काही डब्यांत तांदळाचे पीठ असते, ती डबी चालेल. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, तर दुकानात उभे राहून ही अक्षरे वाचा. दुकानदार घाई करील, करू द्या. बंद पुड्यावर गहू, दूध, शेंगदाणे यांसारखे जिन्नस असले तर तसे छापावे लागते, असा आपल्या देशात कायदा आहे.

आणि भजी? भजी बेसनाची, म्हणून चालतील असे वाटते. पण ज्या कढईत समोसे तळले त्याच तेलात भजी तळली, तर मैदा भज्यालाही लागला. तव्याचेही तसेच. चपातीच्या तव्यावर, सांडलेल्या कणकेसकट, भाकरी टाकली तर ती भाकरी पोरीच्या कामाची नाही.

आता चांगली गोष्ट सांगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा यांत हा चिकट भाग नसतो. म्हणजे आपल्या जिल्ह्याची रोजची भाकरी हेच या पोरीचे औषध आहे! शहरात हेच धान्य लोक जास्त पैसे मोजून घेतात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे सारे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. आपल्या आजीने मात्र बाजरी कधी सोडलीच नव्हती. अडचण एवढीच, की आपण घरी भाकरी खातो आणि पाहुणचाराला, लग्नाला, सहलीला चपाती मानाची समजतो. हॉटेलातही चपातीच आधी पुढे येते.

पण दळणाकडे लक्ष हवे. गिरणीत आधी कोणाचे गहू दळले असतील तर ते पीठ जात्यात उरते आणि आपल्या ज्वारीत उतरते. नातीचे दळण घरच्या जात्यावर काढावे. नाहीतर जिथे फक्त ज्वारी-बाजरीच दळतात अशा गिरणीत न्यावे.

वाटेसाठी काय करावे? जुनी माणसे प्रवासाला दशमी बांधून देत. ज्वारीचे पीठ दुधात मळायचे, भाकरीसारखी थापायची. पाण्यातल्या भाकरीसारखी ती संध्याकाळपर्यंत वाळत नाही. तिच्यासोबत लसणाची कोरडी चटणी बांधावी. दशमी पहाटे करावी, निवल्यावर स्वच्छ फडक्यात बांधावी, गरम डब्यात कोंडू नये. उन्हाळ्यात ती त्याच दिवशी संपवावी. नातीचा डबा वेगळा असावा आणि त्यावर तिचे नाव लिहावे.

आजीचे उपवासाचे ताट मात्र नातीला बहुतेक चालते. भगर, साबुदाण्याची खिचडी, रताळे, राजगिऱ्याचा लाडू, यांत कुठे गहू नाही. शिरडीच्या वाटेवर गुरुवारी खिचडी विकणाऱ्या गाड्या दिसतात. फक्त झारा नि कढई वेगळी आहे का, एवढे विचारावे. शेंगदाणा सोसत नाही असे पोर बरोबर असेल तर मात्र हीच खिचडी त्याच्या जिवावर बेतेल. एकाचे पथ्य दुसऱ्याला लावू नये.

हीच खिचडी आजोबांनाही बरी नाही. साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळ भाग. तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवतो. ‘उपवासाचे हलके असते’ म्हणून म्हाताऱ्या माणसाला तो वाटीभर देतात. तो हलका नव्हे.

आता आजोबांकडे येऊ. त्यांच्या बाबतीत खाण्याच्या जिनसापेक्षा खाण्याची वेळ मोठी आहे. बऱ्याच जणांना सुई जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. घरी हे जमते, कारण चूल समोर असते. सहलीत काय होते? आजोबा पहाटे नेमाने सुई घेतात. तेवढ्यात जीपवाला भोंगा वाजवतो. ‘चला, पुढं चहा घेऊ.’ पुढे गाडी थांबत नाही. मग दर्शनाची रांग. गुरुवारी ती तासन्‌तास चालते. सुईने आपले काम सुरू केले आहे, पोटात काही नाही. रक्तातली साखर उतरते. हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, माणूस चिडतो, भलतेच बोलतो. लोकांना वाटते उन्हाने झाले, किंवा अंगात आले. वेळीच ओळखले नाही तर माणूस शुद्ध हरपतो. असे होऊन प्राणही जातात.

म्हणून नियम असा. जेवण नक्की कुठे आणि किती वाजता, हे कळल्याशिवाय सुई घ्यायची नाही. पहाटे निघायचे तर भाकरी खाऊनच निघायचे. त्या दिवशी सुई किती आणि केव्हा, हे दोन दिवस आधी डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्यायचे. मनाने सुई सोडायचीही नाही.

आजोबांच्या खिशात साखरेची पुडी असावी. सुनेच्या पिशवीत नव्हे, त्यांच्याच खिशात. रांगेत पुरुष एकीकडे, बायका एकीकडे झाल्या तर पिशवीचा काय उपयोग? घाम सुटला, हात कापू लागला की तीन लहान चमचे साखर तोंडात टाकावी किंवा पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटे बसावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. मग दशमी किंवा मूठभर फुटाणे खावे. अशा वेळी पेढा कामाचा नाही. खव्यातल्या स्निग्धामुळे त्यातली साखर सावकाश रक्तात जाते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नये. 108 या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

“मामंजी, पुडी घेतली का?”

“घेतली. अगं, साखर बंद म्हणून तूच चहा कडू देतीस, आन्‌ आता खिशात साखर!”

“ती खायाची न्हाई. लागली तर हाये.”

इन्शुलिनची बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून, सावलीत, हातातल्या पिशवीत न्यावी. बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. गोठले की ते औषध वाया जाते. मधल्या भुकेला फुटाणे, काकडी, एखादा पेरू चालतो. राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत आणि ते शिरडीच्या वाटेवरच मिळतात. आजोबांनी पेरू खावा, त्याचा रस पिऊ नये.

दुपारचे जेवण प्रसादालयात. तिथले स्वयंपाकघर फार मोठे आहे. 2009 साली त्याच्या छतावर 73 मोठ्या तबकड्या बसवल्या. त्या सूर्याचे ऊन गोळा करून पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर अन्न शिजते. हजारो माणसांचे अन्न एकदम शिजते. अशा ठिकाणी एका पोरीसाठी वेगळी फोडणी कोण घालणार? तो त्यांचा दोष नाही. पंगतीचे अन्न सर्वांना सारखे, हीच तर पंगतीची रीत. आपण आपली सोय करून जावे. नातीने साधा भात घ्यावा, तोही चपाती वाढणाऱ्या हातातून नव्हे. वरणाच्या फोडणीत कोणता हिंग आहे ते कळले नाही तर वरण सोडावे. तिचे पोट आधी बाहेर दशमीने भरलेले असावे. आजोबांनी भात थोडा, भाजी जास्त घ्यावी आणि गोड ताटात पडूच देऊ नये. ताटात पडले की टाकवत नाही, मग पोटात जाते.

खेळाच्या बागेचे वेगळे. अशा बागांत बहुधा बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. दाराशी डबा काढून ठेवायला सांगतात आणि तिथे वाद होतो. म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करावा. ‘मुलीला आजार आहे, डॉक्टरचा कागद आहे, डबा आत नेता येईल का?’ एवढे विचारावे. बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. कागदाची प्रत बरोबर न्यावी. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात डिस्ने वर्ल्ड ही प्रचंड मोठी खेळाची बाग 1971 साली उघडली. तिथे लोक जागा राखून ठेवतानाच आपले पथ्य कळवतात. आपल्या रेल्वेनेही 2022 च्या नोव्हेंबरात मधुमेही माणसांच्या जेवणाची सोय गाडीत करण्यास परवानगी दिली. तेव्हा विचारण्यात कमीपणा नाही. विचारायचे मात्र नीट. ‘हे चालेल का हो?’ असे विचारले तर वाढपी ‘हो’च म्हणतो. त्याला काय ठाऊक आपल्याला काय होते? ‘यात काय काय घातले आहे?’ असे विचारावे.

तोंडी सांगितलेले गर्दीत विसरते. म्हणून आचाऱ्याच्या हातात द्यायला एक चिठ्ठी लिहून न्यावी. ती अशी:

“आचारी दादांस नमस्कार. या मुलीला गव्हाचा आजार आहे. गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, जव यांतले थोडेही पोटात गेले तर ती आजारी पडते. भात, ज्वारी-बाजरीची भाकरी, भगर, दूध, दही, फळे चालतात. तिचे अन्न वेगळ्या डावाने वाढावे. फोडणीत डबीतला हिंग असेल तर कृपा करून आम्हाला सांगावे.”

ही चिठ्ठी आपल्या वहीत उतरवून काढा. मग आपल्या घरात ज्याला पथ्य असेल त्याच्यासाठी अशीच दुसरी चिठ्ठी लिहा. काय चालत नाही ते आधी लिहा, काय चालते ते नंतर लिहा. अक्षर मोठे काढा, कारण आचाऱ्याला ती चुलीच्या धुरात वाचायची आहे.