उशाकडच्या विटा

मार्चअखेरचे हिशेब तुंबले की कचेरीतून परतायला रात्रीचे दहा वाजत, आणि दिवसभर केवळ चहावर काढलेला मी, पिठले-भाकरी, तळलेली मिरची व लसणीची चटणी असे पोटास तड लागेपर्यंत जेवून, हात वाळतो न वाळतो तोच अंथरुणावर आडवा होत असे. मध्यरात्री छातीत जळजळ सुरू होई, घशाशी आंबट येई. मग अंधारात चाचपडत फडताळातला खाण्याचा सोडा काढून फुलपात्रातल्या पाण्यात टाकावा, तो फसफसताच घोटावा, दोन ढेकर यावेत आणि डोळा लागावा, हा क्रम दोन वर्षे चालला. सोड्याने आम्ल तेवढ्यापुरते निवते, मूळ कारण जागच्या जागी राहते, आणि त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रोग्यास अपाय करते, हे मी वेळीच कोणाला विचारले नाही, याची खंत आजही वाटते.

अखेर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी औषधाआधी माझ्या दिनचर्येची तपशीलवार जबानी घेतली. अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वळे असते. ते सैल पडले म्हणजे आम्ल वर चढते, आणि तुडुंब पोट, तळकट खाणे व तंबाखू ही त्यास सैल करणारी कारणे होत, असे त्यांनी समजावले. तेव्हापासून रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास, तेही चार घास राखून. वाग्भटाने अष्टांगहृदयात निम्मे पोट अन्नासाठी, पाव पाण्यासाठी आणि पाव मोकळे ठेवण्यास सांगितले आहे, ते मला आता पटते. जेवणानंतर शतपावली करावी, धोतराची गाठ वा कमरेचा पट्टा सैल ठेवावा.

पलंगाच्या उशाकडील दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा रचून ती बाजू सुमारे सहा इंच उचलली, याचा गुण मला सर्वांत अधिक आला. उशांवर उशा रचू नयेत. त्याने पोट दुमडते आणि त्रास वाढतो. निजावे डाव्या कुशीवर, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खाली राहते.

मात्र गिळताना अन्न अडकणे, वजन घटणे, शौचास काळे होणे, यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांस गाठावे. आणि छातीतली कळ डाव्या हातात वा जबड्यात उतरून दरदरून घाम फुटला, तर थेट रुग्णालयात जावे, सोडा कालवण्यात एक क्षणही दवडू नये.