टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी: काय करावे, काय टाळावे

(ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील पुरुषांसाठी)

काय करावे

१. लक्षणे कागदावर लिहून न्या: कामेच्छा घटणे, पहाटेची ताठरता जाणे, दाढी विरळ होणे, प्रत्येकापुढे कधीपासून ते टाका.

२. रक्त सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी द्या. दिवस चढतो तशी टेस्टोस्टेरॉनची पातळी उतरते.

३. सकाळची लोकल चुकवता येत नसेल तर रविवारी रक्त द्या किंवा लॅबच्या माणसाला घरी बोलवा. संध्याकाळी ऑफिसातून परतताना दिलेले रक्त कामाचे नाही.

४. रात्रपाळी करत असाल तर तसे आधीच सांगा आणि रक्त देण्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

५. पातळी कमी आली तर दुसऱ्या एखाद्या सकाळी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासा. एका आकड्यावर निदान होत नाही.

६. रिपोर्टवरचे एकक वाचा: एका लॅबचे ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर म्हणजे दुसरीचे ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर.

७. आकडा ३००च्या आसपास असेल, वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन) आणि फ्री (न बांधलेल्या) टेस्टोस्टेरॉनबद्दल विचारा. नुसता एकूण आकडा फसवू शकतो.

८. दोन्ही वेळा पातळी कमी आली तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची संप्रेरके तपासून घ्या. दोष वृषणात आहे की पिट्युटरी ग्रंथीत, हे त्यातून कळते.

९. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर याच वेळी पाहून घ्या. थकवा यांपैकी कशानेही येतो.

१०. ताठरतेची तक्रार असेल तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदयही तपासा. हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असू शकते.

११. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) आधी करा. पीएसए ४च्या वर असेल तर यूरॉलॉजिस्टना दाखवा, हिमॅटोक्रिट ५० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा.

१२. जोरात घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

१३. मूल हवे असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शुक्रजंतू घटतात, कधी पार थांबतात.

१४. जे जे घेता ते सगळे सांगा: स्टेरॉइड, ट्रामाडॉल, केसांसाठीचे बायोटिन, अश्वगंधा, पूर्वी जिममध्ये घेतलेली इंजेक्शने.

१५. कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन उतरवायला लागा. वजन घटले की पातळी औषधाविनाही वाढू शकते.

१६. एन्डोक्रिनॉलॉजिस्टचे मत घ्या; खासगी फी परवडत नसेल तर महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीतून चिठ्ठी घेऊन परळचे केईएम गाठा, तिथे हा स्वतंत्र विभाग आहे.

१७. पत्नीला सोबत न्या. निर्णय दोघांच्या आयुष्याचा आहे.

१८. औषध थांबवायचे केव्हा, हे सुरू करण्याआधीच ठरवा: ३ ते ६ महिन्यांनी रक्त तपासणी, पुढे दर वर्षी, आणि वर्षभरात फरक नसेल तर बंद.

काय टाळावे

१. आजारातून उठल्या उठल्या चाचणी करू नका. डेंग्यू, न्यूमोनियासारख्या दुखण्यात पातळी तात्पुरती खाली जाते.

२. रात्रभर जागरण करून सकाळी रक्त देऊ नका. अपुऱ्या झोपेने आकडा घटतो.

३. फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टवर ‘लो’ दिसले म्हणून औषध सुरू करू नका.

४. केवळ थकवा, विसरभोळेपणा किंवा वाढते वय यांवर उपाय म्हणून घेऊ नका. त्यासाठी याचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही.

५. जिममध्ये कुणी ‘कोर्स’ सुचवला तर घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

६. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मागू नका. हे शेड्यूल एचमधले औषध आहे.

७. ‘बूस्टर’ कॅप्सूलवर पैसे घालवू नका. त्यात नेमके काय आहे, हे डबीवरून कळेलच असे नाही.

८. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग लपवू नका; अशा वेळी हे औषध सहसा देत नाहीत.

९. गेल्या ६ महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर घाई करू नका.

१०. ‘हृदयाला धोका नाही’ एवढेच ऐकून निश्चिंत होऊ नका. ५,२०० पुरुषांवरील २०२३च्या ट्रॅव्हर्स अभ्यासात हार्ट अटॅक व पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातील गुठळ्या जास्त आढळल्या.

११. लांब मुदतीचे इंजेक्शन विचार न करता निवडू नका. १००० मिलिग्रॅम अनडेकॅनोएटचा असर १० ते १४ आठवडे राहतो, त्रास झाला तरी शरीरातून काढता येत नाही.

१२. घरात लहान मूल असेल तर जेलची निवड सहज करू नका. अंगाला अंग लागून ते मुलाच्या शरीरात जाऊ शकते.

१३. गर्भनिरोधक म्हणून यावर विसंबू नका. शुक्रजंतू कमी झाले तरी गर्भ राहू शकतो.

१४. सुरू केल्यावर डोस आपल्या मनाने वाढवू नका. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवावे लागते.

१५. मनाने एकदम बंदही करू नका. शरीराचे स्वतःचे उत्पादन पुन्हा रुळावर यायला महिने लागू शकतात.

१६. लाजेने तक्रार अर्धवट सांगू नका. अर्धवट माहितीवर चुकीचे औषध लिहिले जाते.

ठोस लक्षणे, दोन वेगवेगळ्या सकाळी कमी आलेली पातळी आणि तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी: या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर पहिले इंजेक्शन घेऊ नका.