फेब्रुवारीत आलेला निधी

आमच्या गटाला गडावरच्या कामासाठी एका कंपनीकडून पहिला मोठा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी मिळाला तो फेब्रुवारीत. अर्ज पावसाळ्याआधीचा. मागितली होती दोनच कामं: माथ्यावरच्या टाक्यांतला गाळ उपसणं आणि दर पावसात वाहून जाणाऱ्या वाटेवर दगडी पायऱ्या बसवणं. पैशांसोबत निरोप आला की ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा. शिवाय गाळ फोटोत दिसत नाही, तेव्हा पायथ्याला कमान, बाकं आणि कंपनीच्या नावाचा फलक करा.

कमान झाली, बाकं झाली. वाटेवर कंपनीनंच पाठवलेल्या ठेकेदारानं घाईघाईत सिमेंट ओतलं. जुलैत पाणी त्या सिमेंटच्या कडेनं उतरलं, खालची माती धुऊन नेली आणि लाद्या अधांतरी राहिल्या. टाकी गाळानं भरलेलीच. गुराखी विचारायचे, पाण्याचं काय झालं? जमीन वनखात्याची, त्यामुळे सिमेंटचा जाबही आम्हालाच द्यावा लागला. कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र कमान झोकात छापून आली.

म्हणून नव्या मंडळांना माझं पहिलं सांगणं असं, की मार्चएंडची भीती बाळगू नका, कायदा वाचा. कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण संचालक मंडळानं एखादं काम ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ ठरवलं, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते, हे फारसं कुणी सांगत नाही. डोंगरातलं काम पाऊस उघडल्यावरच धड होतं. तेव्हा तशी नोंद करायला पहिल्याच बैठकीत सांगा. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्केच’ असंही ऐकवलं जातं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. तुमच्या गवंड्याच्या मजुरीशी तिचा संबंध नाही.

कागद तयार हवेत, हे वेगळं सांगायला नको: संस्थेची नोंदणी, आयकराची १२अ आणि ८०जी प्रमाणपत्रं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ नोंदणी क्रमांक.

त्याहून महत्त्वाचं, गड कुणाचा ते आधी शोधा. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, साल्हेर राज्याच्या संचालनालयाकडे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. आमच्या गडासारखे असंख्य गड कुठल्याच यादीत नाहीत, पण म्हणून ते मोकळे नसतात. जमीन बहुधा वनखात्याची असते. उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव हातात आल्यावरच अंदाजपत्रकाला हात घाला. तोंडी ‘करा हो, काही होत नाही’ म्हणणारे साहेब बदलून जातात.

गाळ काढणं म्हणजे नुसतं फावडं मारणंही नव्हे. त्यात खापरं, नाणी, कधी तोफगोळा निघतो. पुरातत्त्वाचा जाणकार सोबत नसेल तर ते श्रमदान पुढे ढकला, मग देणगीदार कितीही घाई करो.

सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती पात्र संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे असावी लागते. आमच्या बाकांची मालकी कुणाकडे, ते आजवर कुणी ठरवलेलं नाही. दुरुस्तीचा प्रश्न मग कुठे विचारायचा? म्हणून मालकाचं नाव आणि निदान दोन पावसाळ्यांच्या दुरुस्तीची रक्कम मूळ करारातच घाला. पायऱ्या रचायला गावातलाच गवंडी घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर निखळलेला दगड पुन्हा बसवायला तोच जाणार असतो.

फलकाचा आग्रह सुटत नाही. मीही आता त्यावर वाद घालत नाही. फलक गडावर नको, एसटीच्या थांब्यापाशी लागेल, एवढं करारात लिहून घेतो. तिथं तो वाचायला लोकांना वेळही भरपूर असतो.